इन, अन, डिस, मिस : इंग्रजी उपसर्गांचा उपसर्ग

फोंडा : मुलगी नववीत आहे. पुस्तकात एका चौकटीत इन, अन, डिस, नॉन असे सगळे 'नकारार्थी उपसर्ग' म्हणून कोंबलेत. परवा फर्मागुडीच्या चढणीला पुढे पेट्रोलचा टँकर. मागे ठळक अक्षरांत 'हायली इनफ्लेमेबल'. तिनं विचारलं, फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, मग हा टँकर पेटत नाही का? दुसरी शंका तिच्या वहीतली. 'अनइक्वल' बरोबर, पण 'अनइक्वॅलिटी'वर बाईंनी लाल रेघ मारली. यात काही नियम आहे की नुसतं पाठांतर?

मडगाव : टँकर पेटतो, आणि चांगलाच पेटतो. लॅटिनमध्ये 'इन' दोन होते. एक नकाराचा, इनव्हिजिबलमधला. दुसरा 'आत, वर' अशा अर्थाचा, इनहेल आणि इम्पोर्टमधला. इनफ्लेमेबल या दुसऱ्या घराण्यातला. पेटवणे या अर्थाच्या 'इनफ्लामारे'वरून आलेला, इन्फ्लेमचा सख्खा भाऊ. तुमच्या मुलीला पडला तोच घोळ कामगारांनाही पडेल आणि कुणी भाजेल, या भीतीनं विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. आपल्याकडच्या टँकरांवर जुनाच शब्द राहिला. न पेटणारं म्हणायचं असेल तर नॉनफ्लेमेबल.

नकाराचा 'इन' पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. प, ब, म म्हणताना ओठ मिटावे लागतात, म्हणून 'न'चा 'म' होतो. तत् + लीन = तल्लीन, उत् + लास = उल्लास हे ज्यानं घोकलंय त्याला इल्लीगल वेगळं शिकवावं लागत नाही. ग्रीकमधून आलेला 'अ' तर थेट आपलाच चुलत भाऊ. व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्'. तिकडे ॲनार्की, इकडे अनादर.

डिचोली : लाल रेघेबद्दल मी लिहितो. 'अन' इंग्रजीचा घरचा, जर्मानिक मुळाचा. 'इन' लॅटिनचा, बराचसा फ्रेंचच्या हातून आलेला. भाववाचक नामं तिकडून उपसर्गासकट तयार आली, काही विशेषणांना मात्र घरचा 'अन' लागत गेला. म्हणून अनइक्वल पण इनइक्वॅलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस, अनेबल पण इनॅबिलिटी. आमचे आजोबा लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकलेले. त्यांना हा प्रकार पाहून हसू यायचं, कारण पोर्तुगीजमध्ये देझिग्वालचं (अनइक्वल) देझिग्वालदाद (इनइक्वॅलिटी) होतं, उपसर्ग जागचा हलत नाही.

पण आपण तरी काय वेगळं करतो? 'अवैध' म्हणतो, 'बेकायदा' म्हणतो. 'बेवैध' किंवा 'अकायदा' कुणाच्या तोंडी येणार नाही. संस्कृत शब्दाला संस्कृत उपसर्ग, फारसी-अरबीला फारसी. अर्थात सोवळं तिथंही पाळलेलं नाही. 'गैरसमज'मध्ये अरबी गैर आणि मराठी समज सुखानं नांदतात, आणि 'नापास'मध्ये फारसी 'ना'नं इंग्रजी पासशी लग्न लावलंय. तेव्हा बाय, मुलीला सांगा, आधी शब्दाचं कूळ बघ. दहांतले सगळे नाही सुटणार, पण बरेच सुटतील.

म्हापसा : कूळ ठीक, पण अर्थातला फरक राहिला की. यूज्ड हा एकच शब्द घ्या. अनयूज्ड म्हणजे सहसा न वापरलेलं, कोरं. मिसयूज्ड म्हणजे भलत्याच कामाला लावलेलं. डिसयूज्ड म्हणजे एकेकाळी वापरात होतं, आता सोडून दिलंय. तुमच्या डिचोलीतला पाणी भरलेला जुना खाणीचा खंदक डिसयूज्ड. त्याला अनयूज्ड म्हटलं तर तिथून कधी माती उचललीच नाही असं वाटेल, आणि 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा ज्यांचे ट्रक दारात उभे राहिले त्यांना ते अजिबात पटणार नाही.

मिस आणि डिसचा फरक हल्ली बातम्यांतही लागतो. मिसइन्फर्मेशन म्हणजे चुकीची माहिती, पुढे पाठवणाऱ्याच्या मनात पाप असेलच असं नाही. डिसइन्फर्मेशन म्हणजे ठरवून पेरलेली खोटी माहिती. डिसइंटरेस्टेडचंही तसंच. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा, म्हणजे ज्याचे हितसंबंध गुंतलेले नाहीत असा. अनइंटरेस्टेड झाला तर तो बाकावर बसून जांभया देईल. कोश आता डिसइंटरेस्टेडला दोन्ही अर्थ देतात हे खरं, पण कोर्टकचेरीच्या कागदात मी फरक पाळतोच.

मडगाव : 'नॉन'ला कुणी विचारलंच नाही. तो बिचारा नुसती नोंद करतो. हौशी तियात्रातला, म्हणजे कोकणी नाटकातला, नट नॉनप्रोफेशनल, त्यात कमीपणा काही नाही. पैसे घेऊन तालमीला न फिरकणारा अनप्रोफेशनल. 'अन'मध्ये ताशेरा आहे.

आणि क्रियापदाला लागणारा 'अन' निराळाच, तो केलेलं उलटवतो. अनडू, अनटाय, 2020 च्या जूनपासून घरोघरी पोचलेलं अनलॉक. त्यामुळे 'अनलॉकेबल' दार म्हणजे कुलूप काढता येणारं, की कुलूप लावताच न येणारं? दोन्ही. उपसर्ग आधी कुणाला चिकटला, लॉकला की लॉकेबलला, त्यावर अर्थ ठरतो. संदर्भ नसेल तर हा शब्द वापरूच नये, असं माझं मत.

फोंडा : उपकार झाले. इनव्हॅल्युएबल माहिती. हा नकाराचाच ना? मग स्तुती कशी?

मडगाव : नकाराचाच. ज्याचं मोल करता येत नाही ते, आपलं 'अमूल्य'. कवडीमोल म्हणायचं असेल तर वर्थलेस.

डिचोली : जाता जाता, 'प्रीपोन'वर पण बाई रेघ मारतात का? मारत असतील तर थोडं भांडा. पोस्टपोनमधला 'पोन' म्हणजे लॅटिनचा पोनेरे, ठेवणे. मागे ठेवता येतं तर अलीकडे का ठेवता येऊ नये? आज तो भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून ऑक्सफर्डच्या कोशातही आहे.

म्हापसा : भांडण घरात ठेवा. बोर्डाच्या पेपरात 'ॲडव्हान्स्ड' लिहायला सांगा, एक मार्क कशाला घालवायचा!