मदत हवी आहे: सर्व्हर बुक केलाय, चिपच येत नाही, थांबू की रद्द करू?

मिरामार: आमचं पर्वरीला छोटं ऑफिस आहे, एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर बनवतो. नव्या चिपचा सर्व्हर बुक केलाय आणि डीलर दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणतो. तिकडे हॉस्पिटलवाल्यांचे फोनवर फोन. लवकर सांगा प्लीज.

कुशावती: कुठली चिप? सीपीयू (साधा प्रोसेसर) की जीपीयू (ग्राफिक्स आणि एआयवाला)?

मिरामार: जीपीयूच हो, एनव्हिडियाची ब्लॅकवेल. एआयला अजून काय लागतं!

वेर्णा_शिफ्ट: बाब, हे डीलरच्या हातात नाही. ब्लॅकवेल मार्च २०२४ ला जाहीर झाली, मग डिझाइनमध्ये दोष निघाला आणि यील्ड (एकूण चिपमधल्या चांगल्या निघणाऱ्या चिप) सुधारायला मास्क, म्हणजे चिपची नक्षी छापायचा साचा, बदलावा लागला, म्हणजे नव्याने वेफर (चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) काढा, त्यात महिने जातात. ते निस्तरलं तरी एचबीएम ही वेगवान मेमरी चिपला जोडायचं पॅकेजिंग तैवानात टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे, तिथे आधीच गर्दी. मायक्रोसॉफ्ट, मेटा, गूगल अब्जावधी डॉलर घेऊन पुढे उभे, त्यांचाही तगादा असतो. एक-दोन नग घेणाऱ्याचा नंबर कधी लागणार?

आग्वाद: रद्द करा आणि क्लाउडवर भाड्याने घ्या, आम्ही तेच केलं, डोक्याला ताप नाही.

कुशावती: पेशंटचा डेटा हॉस्पिटल बाहेर जाऊ देईल का ते आधी विचारा, उगाच क्लाउड क्लाउड नको. आणि ट्रेनिंग (मॉडेलला शिकवणं) करताय की फक्त इन्फरन्स (तयार मॉडेल चालवणं)? नुसतं स्कॅन वाचायचं तर एनव्हिडियाचंच मागच्या पिढीचं एल४०एस कार्ड बघा, ४८ जीबी मेमरी आहे.

आग्वाद: उद्या ट्रेनिंग करायचं ठरलं तर परत खर्च. जुनं घेऊ नका.

दूधसागर: चिप कुठलीही घ्या पण यूपीएस मोठा घ्या, आमच्याकडे फोंड्याला पाऊस सुरू झाला की लाईट जातेच, आणि रूममध्ये डीह्युमिडिफायर पाहिजेच.

वेर्णा_शिफ्ट: तारखा मोठ्यांच्याही चुकतात. इंटेलचं १० नॅनोमीटर हे चिप बनवायचं नवं तंत्र २०१६ ला येणार होतं, भरपूर माल यायला २०१९ उजाडलं. तेव्हा तोंडी शब्दावर थांबू नका. पीओत (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) तारीख आहे का?

मिरामार: नाही, "उपलब्धतेनुसार" लिहिलंय. अर्धे पैसे दिलेत. काम इन्फरन्सचंच.

कुशावती: अहो हे आधी सांगायचं ना! डीलरला मेल करा, त्याच सर्व्हरमध्ये एल४०एस घालून द्या, ॲडव्हान्स त्यात वळता करा. जमत नसेल तर रिफंड कधी ते लेखी मागा, फोनवर नको.

मिरामार: आजच मेल टाकतो. पण ४८ जीबी पुरेल ना?

वेर्णा_शिफ्ट: मॉडेलचा साइज काय? एका वेळी किती स्कॅन?