मदत हवी आहे: स्क्रीनला हात न लावता मराठी मेसेज ऐकायचेत

नमस्कार मंडळी. आमचे मामा कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात. काचबिंदूमुळं नजर फार कमी झालीय. मोबाईलचं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, मराठी वाचतं, पण काचेवर बोट फिरवत बटण शोधणं त्यांना जमत नाही. तालमीच्या ग्रुपवर काय चाललंय हे कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत थांबावं लागतं आणि ते त्यांच्या मनाला फार लागतं.

फेसबुकवाल्या मेटा कंपनीचे रे-बॅन स्मार्ट चष्मे मे २०२५ पासून भारतात मिळतात, तेव्हा किंमत २९,९०० रुपयांपासून होती. तेव्हा आलेल्या मॉडेलला स्क्रीन नाही. दांडीतल्या स्पीकरवर मेसेज ऐकायचा, बोलून उत्तर द्यायचं. मराठी मेसेज नीट वाचतो का? गंगावेशच्या गर्दीत आवाज पकडतो का? चष्म्यातल्या कॅमेऱ्यामुळं तालमीत कुणी अवघडेल, रेकॉर्डिंगचा दिवा लागत असला तरी, ही काळजी आहेच.

कोल्हापुरात कुणी वापरत असेल तर कृपया सांगा. मामांना घेऊन येतो, एकदा घालून बघू देत.