फिरत्या यंत्रांच्या प्रयोगांना थारा द्यावा की नाही?

वागळे इस्टेटकर:
सुट्टीच्या दिवशी इथल्याच एका गाळ्यात मी विम्सहर्स्ट यंत्र, म्हणजे हातानं फिरवून स्थिरविद्युत तयार करणारं यंत्र, बनवलं. उलटसुलट फिरणाऱ्या अॅक्रिलिकच्या दोन चकत्या, त्यांवर फॉइलच्या पट्ट्या, तारेचे ब्रश, विद्युतभार साठवणारे दोन लायडन जार. हँडल फिरवलं की दोन सेंटीमीटरची ठिणगी कडाडते. स्वित्झर्लंडमधल्या लिंडेन गावी पाउल बाउमन यांनी अशाच चकत्यांचं 'टेस्टाटिका' केलं आणि ते बाहेरच्या इंधनाशिवाय किलोवॅटच्या मापात वीज देतं, असा दावा होता. आपल्याकडे कैगा अणुप्रकल्प सांभाळलेले परमहंस तिवारीही फिरत्या जनित्रातून घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळते म्हणत. अशा माणसांना वेड्यात काढू नका. मी टेस्टाटिकाची नक्कल करणार आहे.

ऐरोलीकर:
दादा, यंत्र मस्त, निष्कर्ष चुकीचा. ठिणगी म्हणजे व्होल्टेज, ऊर्जा नव्हे. 50 हजार व्होल्टला 20 मायक्रोअँपिअर धरले तर गुणाकार 1 वॅट! तोही तुमच्या दंडातून आलेला. जास्त वीज ओढली की चकती जड जाते, ते कुठल्याही जनित्रात होतं. तिवारींच्या पदाचा मान राखूनही दाव्याला पुरावा लागतोच.

वागळे इस्टेटकर:
पण हवेत वीज आहे ना? मोकळ्या हवेत मीटरमागे शंभरेक व्होल्ट. 30 मीटर उंच इमारतीवर 3 हजार! भौतिकशास्त्रज्ञ ओलेग जेफिमेंको यांनी त्यावर स्थिरविद्युत मोटर फिरवली होती.

ऐरोलीकर:
फिरवली, आणि ते काम खरं आहे. पण निरभ्र दिवशी त्या हवेतून चौरस मीटरमागे वाहतात दोनेक पिकोअँपिअर (पिको म्हणजे लाख कोटीवा भाग). 500 चौरस मीटर गच्चीवर पडतो 1 नॅनोअँपिअर, म्हणजे हजार पिकोअँपिअर. तुमचे 3 हजार व्होल्ट लावा: 3 मायक्रोवॅट. त्याच गच्चीवर सौर पॅनेल टाकले तर दुपारी कित्येक किलोवॅट मिळतात.

कळवा-खारेगाव:
जुलैत चालवून बघितलंय का? माझं तर दमट हवेत ठिणगीच देईना. चकतीवर ओल धरली की विद्युतभार गळून जातो. केस सुकवायच्या यंत्रानं चकत्या गरम केल्या तेव्हा कुठे जमलं.

ऐरोलीकर:
तेच! प्रयोग करा, मी कुठे अडवतोय? फक्त व्होल्टमीटरवर विसंबू नका. वाकडातिकडा प्रवाह असला की साधा मीटर फसतो. निघालेली वीज पाण्यात ठेवलेल्या रोधाला (वीज गेली की तापणाऱ्या तुकड्याला) द्या आणि पाण्याचं तापमान मोजा. नाहीतर सरळ बाहेर आलेली वीज आत जोडा, बॅटरी काढा, यंत्र फिरत राहतंय का बघा.

वागळे इस्टेटकर:
पिकोअँपिअरचं गणित मी केलं नव्हतं, ते मान्य. आत-बाहेर जोडून बघायची अटही मान्य. पण टेस्टाटिका आतून कुणी मोजलंच नसेल, तर ते खोटं ठरवणंही घाईचं, हे माझं मत बदललेलं नाही. पावसाळा सरला की चकत्या 50 सेंटीमीटरच्या करतो. थर्मामीटर तुमचा, ऐरोलीकर. येताय का?

ऐरोलीकर:
येतो. ठिणगी उडवताना लायडन जारला हात लावायच्या आधी तो तारेनं मोकळा करा. त्यात साठलेला विद्युतभार यंत्र थांबल्यावरही राहतो.