तोरिनो: पहिले तीन आठवडे, कुठला कागद आधी?

होऊघातलेली_तोरिनोकर
मंडळी, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोरिनोला (इटलीतलं ट्युरिन) पोचते आहे. पोलितेक्निकोला मास्टर्स, व्हिसा हातात, मुंबई-दोहा-मालपेन्सा तिकीट झालंय. पहिले 10 दिवस हॉस्टेल बुक आहे, खोली अजून नाही. गुंता असा: पेर्मेसोला (राहण्याच्या परवान्याला) पत्ता लागतो, घरमालक कोदिचे फिस्काले (कर-क्रमांक) मागतात, बँक पेर्मेसो मागते आणि शिष्यवृत्तीला बँक खातं लागतं. सुरुवात नेमकी कुठून करायची? विमा खासगी घ्यावा की सरकारी? आणि घरून काय आणावं, काय आणू नये?

कागदपत्रकार
घर मिळेपर्यंत थांबू नका, हे पहिलं. इटलीत शिरल्यापासून कामकाजाच्या 8 दिवसांत पेर्मेसो दी सोज्जोर्नोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकायचा असतो. मुदत घरासाठी थांबत नाही. हॉस्टेलचा पत्ता चालतो; बुकिंगची पावती जोडा. नंतर पत्ता बदलला तर क्वेस्तूरात (पोलीस मुख्यालयात) बोटांचे ठसे द्यायला जाल तेव्हा नव्या घराचे कागद दाखवता येतात.

मोठ्या पोस्टात जा. सगळ्या पोस्टांत हे काम होत नाही, दारावर 'स्पोर्तेल्लो आमिको' लिहिलेलं असतं. तिथे पिवळ्या पट्टीचं पाकीट फुकट मिळतं, त्यालाच सगळे 'किट' म्हणतात. विद्यार्थ्याने त्यातला फक्त मोदुलो 1 भरायचा. मोदुलो 2 उत्पन्न असलेल्यांसाठी आहे. काळी शाई, मोठी अक्षरं, नाव पासपोर्टवर आहे तसंच.

सोबत झेरॉक्स: पासपोर्टची माहितीची पानं, व्हिसा आणि शिक्क्याची पानं, विमा, पैशांचा पुरावा, राहण्याचा पुरावा आणि वकिलातीने शिक्का मारून परत दिलेलं विद्यापीठाचं प्रवेशपत्र. हे शेवटचं चेक-इन बॅगेत टाकू नका. बॅग हरवली की अर्ज अडला.

खर्च तीन ठिकाणी होतो. 16 युरोचा मार्का दा बोल्लो (महसुली तिकीट) पोस्टात शोधू नका, तो ताबाक्कीत, म्हणजे 'टी' अक्षराची पाटी असलेल्या पानपट्टीवजा दुकानात मिळतो. वर्षभरापर्यंतच्या परवान्याचं चलन 70.46 युरो, त्यात 40 शुल्क आणि 30.46 कार्डाचे. शिवाय पोस्टाचे 30. एकूण 116.46. आकडे बदलतात, तेव्हा खिशात थोडे जास्त असू द्या.

पाकीट बंद करू नका. खिडकीवरचा माणूस मूळ पासपोर्टाशी ताडून मग स्वतः बंद करतो. चिकटवून नेलं की फाडावं लागतं आणि रांगेतले मागचे लोक इटालियनमध्ये काय म्हणतात ते भाषा न येताही कळतं.

बदल्यात दोन कागद मिळतात: रिचेवूता, म्हणजे पावती, आणि क्वेस्तूराच्या तारखेचं पत्र. तारीख कित्येक आठवड्यांनंतरची असू शकते. कार्ड येईपर्यंत ही पावतीच तुमचा परवाना आहे. बँक, सिम, घरमालक, सगळीकडे तीच दाखवायची. म्हणजे "बँक पेर्मेसो मागते" हा तुमच्या गुंत्यातला धागा इथेच सुटला. ठशांच्या दिवशी 4 फोटो आणि सगळी मूळ कागदपत्रं न्या. तोरिनोत परदेशी नागरिकांचं कार्यालय कोर्सो वेरोनावर आहे, मुख्य क्वेस्तूराच्या इमारतीत जाऊन उभे राहू नका.

सोळाअक्षरी
कोदिचे फिस्काले पेर्मेसोच्याही आधी, अगदी दुसऱ्या दिवशी काढा. आजेंत्सिया देल्ले एन्त्राते या कर-कार्यालयात फुकट मिळतो. पासपोर्ट, व्हिसाची झेरॉक्स आणि एक फॉर्म, बस. आधी वेळ घ्यावी लागते, ती भारतात असतानाच ऑनलाइन बघून ठेवा. काहींना वकिलातीतूनच मिळालेला असतो, व्हिसाचे कागद एकदा चाळा.

मराठी नावांचा घोळ इथेच होतो. आपल्या पासपोर्टात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव एकाच 'गिव्हन नेम'च्या ओळीत असतं. कोदिचे सोळा अक्षरांचा. आडनावाची तीन व्यंजनं, नावाची तीन, जन्मवर्षाचे दोन अंक, महिन्याचं एक अक्षर, तारीख, जन्मस्थळाचा संकेत (भारताचा झेड 222) आणि शेवटी तपासणीचं अक्षर. नावात चार किंवा जास्त व्यंजनं असली तर पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात. आता राहुल सुरेश पाटील बघा. नुसतं 'राहुल' धरलं तर रोमन लिपीत आर-एच-एल. 'राहुल सुरेश' धरलं तर आर-एल-एस. म्हणजे एकाच माणसाचे दोन कोदिचे. इंटरनेटवरच्या गणकयंत्रात नुसतं पहिलं नाव टाकून मिळालेला कोड विद्यापीठाच्या अर्जात भरायचा आणि नंतर कर-कार्यालयाने पासपोर्टावरून वेगळाच द्यायचा, हा नेहमीचा अपघात. मग फी एका कोडवर, करार दुसऱ्यावर आणि शिष्यवृत्तीची यंत्रणा "अशी व्यक्ती नाही" म्हणते. गणकयंत्राचा कोड अधिकृत नाही. कार्यालयाने दिलेला तेवढाच खरा. तो मिळाल्या दिवशीच विद्यापीठाच्या पोर्टलवर बदला.

बायकांच्या तारखेत 40 मिळवतात. 15 तारखेचा जन्म असेल तर कोडमध्ये 55 दिसेल. चुकलंय म्हणून पुन्हा रांगेत उभ्या राहू नका.

होऊघातलेली_तोरिनोकर
बापरे, पासपोर्टात वडिलांचं नाव आहेच आणि विद्यापीठाच्या अर्जात मी नुसतं माझं टाकलंय. पोचल्यावर बदलेन. शिष्यवृत्तीचं कुणी सांगेल का? एदिसूचा (शिष्यवृत्ती देणारी संस्था) अर्ज ऑनलाइन भरलाय, ईझेचे (ऐपतीच्या हिशोबाचे) कागद बाबा गोळा करतायत.

चटईक्षेत्र
बाबांना आजच फोन करा. ईझे पारिफिकातोत, म्हणजे परदेशी कुटुंबाच्या ऐपतीच्या हिशोबात, आपल्याकडचे लोक दोन ठिकाणी अडकतात.

एक, वर्ष. इटलीत 1 जानेवारी ते 31 डिसेंबर मोजतात, तेही दोन वर्षांपूर्वीचं. आपला फॉर्म 16 आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला एप्रिल ते मार्चचा. नोकरी असेल तर कंपनीकडून कॅलेंडर वर्षाचं पत्र घ्या, व्यवसाय असेल तर सीएकडून. बँकेतली शिल्लकही त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरची.

दोन, घराचं क्षेत्रफळ. परदेशातली इमारत चौरस मीटरला 500 युरो या ठरीव दराने धरतात, मग ती दादरला असो की देवरुखला. 750 चौरस फुटांचा फ्लॅट साधारण 70 चौरस मीटर होतो, म्हणजे 35,000 युरो. करारनाम्यातले 750 तसेच मीटरच्या रकान्यात गेले तर 3,75,000 होतात आणि मालमत्तेच्या मर्यादेतून तुम्ही बाहेर. भाषांतर करणाऱ्याला "फूट की मीटर" हे ठळक लिहून द्या. इटालियन भाषांतर आणि अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारलेला शिक्का) दोन्ही लागतात. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. यात आठवडे जातात. इथे आल्यावर कुरियरने मागवू म्हणाल तर मुदत हुकेल.

हिशोब 'काफ' नावाच्या सेवा-केंद्रात होतो, पण कुठल्याही काफमध्ये नाही. एदिसूने ज्यांच्याशी करार केलाय त्यांच्याकडेच जा.

पैशांचं म्हणाल तर पहिला हप्ता अंतिम यादीनंतर, बहुधा डिसेंबरच्या सुमारास. तोवरचं भाडं, अनामत आणि जेवण स्वतःच्या खिशातून चालेल अशी तजवीज हवी. "शिष्यवृत्ती मिळणार आहे" म्हणून रिकाम्या खिशाने येणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

भाडेकरू_नं_1
खोलीबद्दल. 'सिंगोला' म्हणजे एकट्याची, 'पोस्तो लेत्तो' म्हणजे दोघांच्या खोलीतला एक पलंग. जाहिरातीत भाडं कमी दिसलं की आधी हेच तपासा. मग 'स्पेसे' आत की बाहेर ते विचारा: सोसायटीचा खर्च, कचऱ्याचा कर, हीटिंग. तोरिनोत हीटिंगचा हंगाम 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल. ते भाड्याबाहेर असेल तर थंडीत बिल जाणवतं.

विद्यार्थ्यांचा करार 6 ते 36 महिन्यांचा असतो, अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांची. करार 30 दिवसांत कर-कार्यालयात नोंदवायला हवा. मालक "नोंदणी नको, 50 युरो कमी घेतो" म्हणाला तर नाही म्हणा. नोंदणी नसेल तर शिष्यवृत्तीत 'फुओरी सेदे', म्हणजे बाहेरगावचा विद्यार्थी, हा दर्जा अडतो. त्यासाठी सहसा 10 महिन्यांचा करार मागतात. तिथे गेलेली रक्कम वर्षभराच्या 50-50 युरोंपेक्षा मोठी असते. युरोपीय संघाबाहेरचा माणूस घरात ठेवला की मालकाने 48 तासांत पोलिसांना कळवायचं असतं, त्याची प्रत मागून घ्या. क्वेस्तूरात विचारतात.

मालक परदेशात, किल्ली कुरियरने, पैसे आधी: हे वाचलं की खिडकी बंद करा.

औषधाची_पुडी
विमा. सरकारी योजनेत विद्यार्थ्याला 2024पासून वर्षाला 700 युरो पडतात आणि हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. सप्टेंबरात घेतलात तर तीन-साडेतीन महिन्यांसाठी पूर्ण 700 आणि जानेवारीत पुन्हा 700. म्हणून पेर्मेसोपुरती वर्षभराची खासगी पॉलिसी घ्या. व्हिसासाठी काढलेली महिनाभराची प्रवास-पॉलिसी इथे पुरत नाही. दमा, थायरॉइड, मधुमेह असं रोजचं काही असेल तर मात्र जानेवारीपासून सरकारी घ्यावी. त्यात फॅमिली डॉक्टर मिळतो, स्वस्तातली खासगी पॉलिसी बहुतेक तातडीच्या उपचारांपुरतीच असते. घरून येताना औषधाच्या चिठ्ठीवर ब्रँड नको, मूळ औषधाचं नाव हवं. अँटिबायोटिक इथे चिठ्ठीशिवाय देत नाहीत.

@कागदपत्रकार, एक राहिलं. नुसत्या पावतीवर भारतात जायचं असेल आणि व्हिसा संपला असेल तर फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसमार्गे तिकीट काढू नये. इटलीत थेट परत येता येतं, दुसऱ्या शेंगेन देशातून नाही. दोहा, दुबई, इस्तंबूल चालतं.

कुकरची_शिट्टी
सामानाचं बोलू. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. खोली ठरली नसेल तर इंडक्शन-तळाचा स्टीलचा आणा, तो गॅसवरही चालतो. तूरडाळ, मसाले, तांदूळ आणू नका, पोर्ता पालात्सोच्या आसपासच्या दुकानांत सगळं मिळतं. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र आणा. पोळीसाठी 'फारिना इंतेग्राले' (कोंड्यासकट गव्हाचं पीठ) घ्या. 'झिरो-झिरो' म्हणजे जवळजवळ मैदा, पोळी गार झाली की चिवट होते.

शाकाहारी असाल तर लेबलवर 'स्त्रुत्तो' शोधा, ती डुकराची चरबी. काही पावांत आणि पियादीनात (पोळीसारख्या चपट्या पावात) असते. पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा घटक) असतं. चालत नसेल तर 'काल्यो वेजेताले' लिहिलेलं दुसरं चीज घ्या.

आणि वीज. साध्या घराचं कनेक्शन बहुतेक 3 किलोवॅटचं. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि हेअर ड्रायर एकदम लावले की अंधार. घरातलं बटण वर करून आली नाही तर मीटर बहुधा तळमजल्यावर किंवा तळघरात असतो. आपला कुठला, हे पहिल्याच दिवशी उजेडात बघून ठेवा.