मदत हवी आहे: पावसाळ्यात स्क्रीन वाळत नाहीत आणि छोट्या ऑर्डरी परवडत नाहीत

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमचं टी-शर्ट छपाईचं छोटं युनिट आहे. चार कलरचं हातमशीन, एक फ्लॅश (छापलेला रंग मशीनवरच पटकन सुकवणारा हीटर), एक हीट प्रेस. काम करणारे तिघेच: मी, बायको आणि एक कारागीर. शाई प्लॅस्टिसॉल वापरतो, म्हणजे उष्णतेने पिकवायची प्लास्टिकची शाई. गणपती जवळ आले की मंडळांची आणि ढोल-ताशा पथकांची कामं एकदम अंगावर येतात, आणि पावसाचा जोरही तेव्हाच असतो. राबतो खूप, पण त्या मानाने हातात काही उरत नाही. त्यासाठीच विचारतोय.

पहिली अडचण इमल्शनची, म्हणजे स्क्रीनच्या (फ्रेमवर ताणलेल्या जाळीच्या) वर लावायच्या, उजेडाने कडक होणाऱ्या लेपाची. कोटिंग केलेली फ्रेम रात्रभर पंख्याखाली ठेवली तरी सकाळी हाताला चिकट लागते. तशीच एक्स्पोज केली (डिझाइन ठेवून उजेड दिला) की धुताना बारीक अक्षरं निघून जातात, आणि जी टिकते तिला छापता छापता पिनहोल (सुईएवढी छिद्रं) पडतात. मग मशीन थांबवून टेप लावत बसायचं. एक्स्पोजरची वेळ वाढवली तर बारीक रेषा बुजतात.

दुसरी अडचण हिशोबाची. काळ्या टी-शर्टवर चार रंग म्हणजे खाली पांढरा बेस धरून पाच स्क्रीन. पॉझिटिव्ह (डिझाइनची फिल्म), कोटिंग, एक्स्पोज, मशीनवर रंग जुळवणं, शेवटी धुणं, हे सगळं २५ नगांनाही तेवढंच आणि ३०० नगांनाही तेवढंच. स्क्रीनमागे ३०० रुपये धरले तर १५०० झाले. २५ नगांवर ते नगामागे ६० रुपये पडतात, ३०० वर फक्त ५. पण गिऱ्हाईक "एका टी-शर्टचं किती?" एवढंच विचारतं. मुलं ओळखीची, तालमीतली. त्यांना नाही म्हणवत नाही. तुम्ही स्क्रीनचे पैसे वेगळे लावता का? कमीत कमी किती नग घेता?

आणखी एक. मरून पॉलिस्टर जर्सीवर छापलेले पांढरे नंबर दोन-चार दिवसांत गुलाबी पडतात. यावर उपाय आहे का?

प्रतिसाद १:
दादा, आधी वाळवायची जागा बदला. पंखा ओलीच हवा फिरवतो. लहान बंद खोली किंवा कपाट करा, आत डीह्युमिडिफायर आणि हवेतला ओलावा दाखवणारं मीटर ठेवा. ओलावा ५० टक्क्यांच्या खाली आणा. उष्णता ४० अंशांच्या वर नको, इमल्शन बिघडतं. फ्रेम आडवी, छपाईची बाजू खाली करून ठेवा. धुतलेल्या ओल्या फ्रेमा त्या खोलीत अजिबात नकोत. इमल्शन पूर्ण सुकलं नसेल तर उजेडाने नीट कडक होत नाही, तुमचे पिनहोल त्यातूनच येत असणार.

जर्सीचं कारण कापडाच्या रंगात आहे. पॉलिस्टरचा रंग उष्णतेने वायू होऊन शाईत शिरतो. साधं प्लॅस्टिसॉल १६० अंशांना पिकतं, तिथेच घोळ होतो. १३० च्या आसपास पिकणारी लो-ब्लीड (कापडाचा रंग कमी ओढणारी) शाई मागवा आणि खाली रंग अडवणारा राखाडी ब्लॉकर बेस द्या. प्रेसच्या आकड्यावर विसंबू नका, शाईचं तापमान मोजा.

प्रतिसाद २:
आम्ही स्क्रीन चार्ज बिलात वेगळ्या ओळीत लिहितो. तेच डिझाइन परत छापलं तर तो लागत नाही, त्यामुळे मंडळं पुढच्या वर्षी आमच्याकडेच येतात. ३० नगांच्या आतलं बहुरंगी काम सरळ डीटीएफवर (डिझाइन फिल्मवर छापून ते प्रेसने कापडावर दाबायची पद्धत) बाहेरून करून घेतो. एकरंगी काम मात्र कितीही लहान असलं तरी घ्या, त्यात मार नाही. आणि एकाच शाईच्या ऑर्डरी एकाच दिवशी लावा, शाई बदलताना स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) आणि स्क्रीन पुसण्यातच अर्धा दिवस जातो.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. वाळवायला माळ्यावरची खोली बंद करून घेतो. ताई, डीटीएफचं काम बाहेर देताना टी-शर्ट तुम्ही देता की नुसती फिल्म आणून आपल्या प्रेसवर दाबता? आमची प्रेस १५ बाय १५ इंचांची आहे, पाठीवरच्या मोठ्या डिझाइनला पुरेल का?