मदत हवी आहे: 'ई' ड्राइव्ह समजून बॅकअप भलत्याच पेनड्राइव्हवर गेला

मंडळी, घोळ माझाच आहे, तरी निस्तरायला मदत करा.

घरच्या विंडोज १० च्या डेस्कटॉपला अधूनमधून बाहेरची हार्ड डिस्क जोडतो आणि रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या साधनाच्या आज्ञा लिहिलेली बॅच फाइल 'डी'वरचं फोटोंचं फोल्डर थेट 'ई'वर उतरवते. त्यात '/मिर' हा पर्याय लावलाय, म्हणजे इकडे जे नाही ते तिकडूनही उडतं. दोन वर्षं सुरळीत चाललं. परवा आईचा भजनांचा पेनड्राइव्ह आधीच लावलेला होता. मग हार्ड डिस्क जोडली, बॅच फाइलवर डबल क्लिक केलं आणि जेवायला बसलो. येऊन बघतो तर पेनड्राइव्ह 'ई' आणि हार्ड डिस्क 'एफ'! भजनं गायब, तिथे आमचे महाबळेश्वरचे फोटो. आईला अजून सांगितलेलं नाही.

भजनं परत मिळतील का? आणि 'ई' हार्ड डिस्कचं होतं ना, ते दुसऱ्याला दिलंच कसं? लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, तिथेही हीच डिस्क कधी एसडीबी, कधी एसडीसी या नावाने दिसते. डिस्कला 'फोटोंचा बॅकअप' असं मराठी नाव दिलं तर गोंधळ टळेल का? (डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे.)

प्रतिसाद १
आधी तो पेनड्राइव्ह काढून ठेवा, त्यावर आता काहीही लिहू नका. पुसलेल्या फाइलची जागा फक्त मोकळी धरली जाते, आतला मजकूर लगेच जात नाही. ज्या जागेवर फोटो लिहिले गेले तिथलं मात्र गेलंच. फोटोरेक हा पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवा, सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फाइलींची नावं परत येणार नाहीत.

प्रतिसाद २
'ई' हे डिस्कचं नाव नव्हे, एसटीतली जागा आहे. कोणत्या डिस्कला कोणतं अक्षर दिलं ते विंडोज रजिस्ट्रीत (स्वतःच्या नोंदवहीत) टिपून ठेवतं, म्हणून तुम्हाला रोज तीच जागा मिळत होती. पण आधीच कुणी बसलेलं असलं तर त्याला उठवत नाही, तुम्हाला पुढची रिकामी देतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन हार्ड डिस्कला 'आर'सारखं लांबचं अक्षर द्या, कारण विंडोज वाटप सुरुवातीकडून करतं. (ए आणि बी फ्लॉपींचे. फ्लॉपी गेल्या, तरी पहिली हार्ड डिस्क अजून 'सी'वरच!)

तरीही अक्षरावर विसंबू नका. डिस्कवर एक रिकामी फाइल खूण म्हणून ठेवा आणि ती दिसली तरच कॉपी सुरू करा, असं बॅच फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा.

प्रतिसाद ३
वरच्या सल्ल्यात एक खड्डा आहे. सध्या कॉपी थेट 'ई'च्या मुळाशी होते, तिथे खूण ठेवली तर पहिल्याच खेपेला '/मिर' तीही पुसेल. फोटोंसाठी आत वेगळं फोल्डर करा, खूण बाहेर ठेवा.

मिंटचं म्हणाल तर एसडीए, एसडीबी ही नावं कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतात. 'एलएसबीएलके -एफ' ही आज्ञा चालवा, यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते ज्यात लिहिलेलं असतं त्या एफएसटॅब फाइलमध्ये तोच लिहा आणि सोबत 'नोफेल' हा पर्याय द्या, नाहीतर डिस्क न लावता लॅपटॉप सुरू केला की बूट अडकतो. फॉरमॅट केलं तर यूयूआयडी बदलतो, तेवढं लक्षात ठेवा.

मराठी लेबल (म्हणजे डिस्कला दिलेलं नाव) एक्सफॅटवर चालतं, पण मर्यादा ११ अक्षरांची. काना-मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'फोटोंचा बॅकअप' १३ भरतात, 'फोटो बॅकअप' १०.

धागाकर्ता
आभार सगळ्यांचे. अनुस्वार आणि 'चा' सोडून दिले, लेबल बसलं. डिस्क आता 'आर' आहे, खूण बाहेर, फोटो आत. मुद्दाम पेनड्राइव्ह आधी लावून पाहिलं, डिस्क 'आर'च राहिली.

फोटोरेकला बरीच भजनं सापडली, पण सगळ्यांची नावं नुसते आकडे. शेवटी आईला सांगावंच लागलं. दोन दिवस बोलली नाही. आज हेडफोन लावून एकेक ओळखतेय आणि मी नावं टाइप करतोय.