मदत हवी आहे: काळ्या जमिनीतील उपलब्ध स्फुरद आणि तपकिरी अर्क

सप्रेम नमस्कार. मी सध्या माती परीक्षणाच्या रासायनिक पद्धती शिकत असून चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतील उपलब्ध स्फुरद (पिकाला घेता येणारा फॉस्फरस) मोजताना अडलो आहे. ओल्सेन पद्धतीनुसार २.५ ग्रॅम मातीत ८.५ सामूचे (pH) ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट ५० मिली घालून मिश्रण ३० मिनिटे हलवतो; परंतु सेंद्रिय पदार्थांमुळे गाळलेला अर्क कोऱ्या चहासारखा तपकिरी येतो. तो रंग घालवण्यासाठी सक्रिय कोळसा वापरला, तर माती न घातलेल्या कोऱ्या चाचणीतही स्फुरद दाखवणारा निळा रंग उमटतो, म्हणजे कोळशातूनच स्फुरद येत असावा. (बाटलीवर ‘शुद्ध’ असे ठळक छापलेले आहे, हे वेगळे!) हा कोळसा आम्लाने धुवावा की बायकार्बोनेटच्या द्रावणानेच, आणि तो पुरेसा धुतला गेला हे कशावरून ठरवावे? की ॲस्कॉर्बिक आम्ल वापरून ८८२ नॅनोमीटर तरंगलांबीवर निळा रंग मोजताना कोळसा पूर्णपणे वगळून, मोलिब्डेट (स्फुरदासोबत निळा रंग देणारे रसायन) न घातलेल्या त्याच अर्काचे वाचन वजा करणे अधिक विश्वासार्ह ठरेल? शिवाय अर्कात आम्ल घालताच कार्बन डायऑक्साइडचा फेस मोजपात्राच्या गळ्यापर्यंत चढतो. तो कसा आवरावा? तापमानाबरोबर अर्कात उतरणारा स्फुरद वाढत असल्याने, उन्हाळ्यात वातानुकूलनाविना २५ अंश सेल्सिअस कसे राखता, हेही प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे.